रशीद, गाडी वाटेत बंद पडली नाही

रशीद, लोक माझ्या दुकानात येतात आणि तू सुटलास म्हणतात. बाकड्यावर बसतात, जरा वेळ मान हलवतात, "सुटला बिचारा" म्हणतात आणि उठून जातात. तुला सुटायचं नव्हतं. तुला या उन्हाळ्याच्या आधी गाडीचं रेडिएटर उतरवून धुवायचं होतं, आणि मागच्या सीटला नवं कापड घालायचं होतं. रंगसुद्धा तू ठरवून ठेवला होतास. सुटायला निघालेला माणूस सीटच्या कापडाचा रंग ठरवत नाही, पण हे मी कुणाकुणाला सांगत बसू?

तुझ्या गॅरेजचं शटर बंद आहे. माझ्याकडे काम भरपूर आहे. हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस, विहिरीवरच्या मोटारी जळून येतात आणि मी त्या भरत बसतो. तांब्याची तार गुंडाळताना हात आपोआप चालतो, कान मात्र मधल्या भिंतीला लागलेला असतो. कळमनुरीत नांदेड रोडवर आपण दोघांनी बरोबरच दुकानं टाकली. तू पेट्रोल गाड्यांचा मिस्त्री, मी वायरमन. तुझ्या हातात पाना, माझ्या हातात मीटर. पहिल्या दिवसापासून तुझं एकच म्हणणं, जे डोळ्याला दिसत नाही त्यावर आपला भरोसा नाही. मी विचारायचो, मग नमाज कुणाची पढतोस? तू म्हणायचास, "त्याचा अन् तुझ्या विजेचा काय मुकाबला, दत्त्या." हा वाद आपण इतकी वर्षं चालवला की त्यात कोण कुठल्या बाजूला होतं, तेही कधीकधी विसरायला व्हायचं.

मग तुझे पाय सुजायला लागले. तुला वाटलं, उभं राहून काम केल्यामुळे. तपासण्या झाल्या आणि कळलं की दोन्ही किडन्या गेल्यातच जमा आहेत. आठवड्यातून दोनदा नांदेडला जायचं, मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं आणि परत यायचं, असं ठरलं. नसीमाभाभींना स्वतःलाच साखरेचा आजार, त्यामुळे त्यांची किडनी चालणार नव्हती. हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा भाभी त्यांच्याकडे अशा बघत राहिल्या, जणू त्यांना कुणी घरातून बाहेर काढलं होतं.

गाडी तुझीच. गोल पाठीची ती जुनी पांढरी गाडी, एका म्हाताऱ्या डॉक्टरकडून भंगाराच्या भावात घेऊन तू उभी केलेली. तिच्यातून अर्ध्या गावाच्या नवऱ्या सासरी गेल्या. सगळ्यांनी तुला सांगून पाहिलं की आता चांगली नवी गाडी भाड्याने करत जा. तू ऐकलं नाहीस. मशीनवरून उतरल्यावर तुला मळमळायचं आणि दुसऱ्याच्या गाडीत उलटी होईल या धास्तीनेच तुला उलटी यायची. आपल्या गाडीत तू मागच्या सीटवर आडवा पडायचास, डोकं भाभींच्या मांडीवर. म्हणशील तिथं मी थांबवायचो. चालवायला मी, हे न बोलताच ठरलं.

मे महिन्यातली ती दुपार तुला नको वाटायची. मी तिचं नाव काढलं की तू विषय बदलायचास. आज मी बोलणार आहे, कारण आता तू बदलू शकत नाहीस.

नांदेडहून परत येताना अर्धापूर मागे पडलं आणि गाडी आचके द्यायला लागली. दोन फटके आले आणि बंद. मी बोनेट उघडलं. कंडेन्सर गेला होता आणि त्याने ठिणगी पाडणारे पॉइंट जाळले होते. डिक्कीत दुसरा कंडेन्सर होता, तू ठेवायचासच. तो मी बदलला, पॉइंट घासले, पण दोन पॉइंटांमधली ती फट मला जमेना. केसाएवढी कमी झाली तरी गाडी घेत नव्हती, केसाएवढी जास्त झाली तरी घेत नव्हती. घाम डोळ्यात उतरत होता, लोखंडाला हात लावला की भाजत होतं. बाजूने ट्रक जात होते, सावली एका बाभळीची, आणि तीही गाडीवर येत नव्हती. मागे तू डोळे मिटून पडला होतास. भाभी ओढणीने वारा घालत होत्या. मी आयुष्यभर शेकडो मोटारी भरल्या असतील, पण त्या रस्त्यावर मला काहीच येत नव्हतं.

मग दार उघडल्याचा आवाज आला. तू भाभींच्या खांद्यावर हात टाकून पुढे आलास आणि मला म्हणालास, "सरक." खिशातला कसला तरी पुठ्ठा दुमडून तू पॉइंटात धरलास, स्क्रू आवळलास, मला सेल मारायला लावलं. गाडी लागली. आणि तू मडगार्डला पाठ लावून हळूहळू खाली बसलास. मी धावत पुढे आलो तेव्हा तुझ्या हाताची पट्टी लाल झाली होती, ज्या हातात मशीनच्या सुया टोचतात त्याच हाताची. आम्ही दोघांनी तुला उचलून आत घातलं. कळमनुरी येईपर्यंत भाभींनी तो हात दोन्ही तळव्यांत दाबून धरला होता.

दुसऱ्या दिवशी मी तुला सांगितलं, पॉइंट काढायचे. तू बाजेवर पडल्या पडल्या माझ्याकडे बघितलंस, जणू मी गाडीचा गळा कापायला निघालो होतो.

मी तुला कितीदा समजावलं ते आठवतं का? पॉइंट म्हणजे धातूच्या दोन टिकल्या, त्या एकमेकींवर आपटून झिजणारच. त्याऐवजी क्रँकच्या पुलीमागे एक दातेरी चाक बसवायचं आणि त्याच्या दातांसमोर एक सेन्सर. चाकाचा एक दात मुद्दाम गाळायचा. ती मोकळी जागा सेन्सरसमोरून गेली की त्याला जोडलेल्या इलेक्ट्रॉनिक डब्याला कळतं, पिस्टन आता कुठे आहे आणि ठिणगी केव्हा द्यायची. काही आपटत नाही, काही झिजत नाही. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "अन् तो डबा बिघडला म्हंजी? पॉइंट मी पुठ्ठ्यानं बसवले. डबा कशानं बसवशील?" मी म्हणालो, तो सहसा बिघडत नाही. तू म्हणालास, सगळंच बिघडतं. स्वतःकडे बोट न दाखवताच म्हणालास.

तुझा होकार भाभींनी मिळवला. त्या आतून चहा घेऊन आल्या, तुझ्यासाठी अर्धा कप, कारण पाण्याचं तुला बंधन होतं. कप ठेवून त्या एवढंच म्हणाल्या, "मला पॉइंट बसवता येत न्हाईत." आणि आत गेल्या. तू बराच वेळ कपाच्या कानाशी चाळा करत राहिलास. मग म्हणालास, "मागव तुझा डबा."

रशीद, मशीनचे दिवस सोडून मधले जे दिवस मिळायचे, त्यातल्या त्या कामाबद्दल मला तुझे आभार मानायचे होते. ते राहिले. तू खुर्चीत बसून सांगणार आणि मी बोनेटखाली वाकणार, असं आपण कधी केलं नव्हतं. वसमतच्या माधव टर्नरने चाक कापून दिलं. पहिल्यांदा बसवलं तेव्हा गाडी हळू चालवली की ठीक, रेस दिली की ठोके चुकायचे. मी डब्याला दोष देत होतो, वायरी तपासत होतो. तू खुर्ची पुढे ओढायला लावलीस, बघत राहिलास आणि म्हणालास, चाक डुलून राहिलंय. खरंच डुलत होतं, आणि त्यामुळे सेन्सर आणि दात यांतली फट फेरीगणिक बदलत होती. चाक परत वसमतला गेलं. सेन्सर धरायला मी पातळ पट्टी केली होती, ती तू फेकायला लावलीस आणि जाड अँगल कापायला लावलास. मी मात्र सेन्सरची वायर प्लगच्या वायरींपासून लांबून, वरून जाळी असलेली घेतली, तेव्हा तू "काहून?" म्हणून विचारलंस. प्लगच्या वायरीतली वीज सेन्सरच्या वायरीत घुसते आणि डबा फसतो, असं मी सांगितलं. त्यावर तू मान हलवलीस. इतक्या वर्षांत माझ्या विजेपुढे तू पहिल्यांदाच मान हलवली होतीस.

पिस्टन वर केव्हा येतो ते धरायला आपण प्लग काढून त्या भोकात लांब स्क्रू ड्रायव्हर उभा सोडला. मी पान्याने क्रँक फिरवत होतो आणि तू त्या स्क्रू ड्रायव्हरवर बोट ठेवून उभा होतास. हो, उभा होतास, त्या दिवशी तुला बरं होतं. "येऊन राहिला... येऊन राहिला... थांब." मी थांबलो. तू बोट तसंच ठेवलंस, डोळे मिटलेस. मला वाटलं, चक्कर आली. पण तू हसत होतास.

गाडी पहिल्या सेलला लागली आणि जागेवर अशी शांत चालू लागली की आपण दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. तू बंद करायला लावलीस, परत चालू करायला लावलीस, परत बंद. मग म्हणालास, चल, हिला सिद्धेश्वर धरणापर्यंत नेऊ.

आपण तिथे जायला नको होतं, असं मला नंतर वाटत राहिलं. धरण भरलेलं होतं. आपण भिंतीजवळ, पाण्याच्या अंगाला गाडी लावली. कोळ्यांच्या होड्या लांब दिसत होत्या. तुला त्या दिवसांत दिवसभरात जेमतेम दोन पेले पाणी, त्यातच चहा, त्यातच गोळ्या. जीभ कोरडी पडली की तू चूळ भरून थुंकायचास किंवा बर्फाचा तुकडा गालात धरायचास. तू काचेतून पुढे बघत राहिलास. मग म्हणालास, "येवढं पाणी हाय, दत्त्या." मी मागच्या सीटवरची बाटली हळूच पायाखाली सारली. मलाही घसा कोरडा पडला होता. परत कळमनुरीला येईपर्यंत मी पाणी प्यायलो नाही. त्याने तुला काय फायदा झाला, ते विचारू नकोस. मला दुसरं काही सुचलं नाही.

परतीच्या वाटेवर आपला नवा वाद सुरू झाला. क्रँक दोन फेऱ्या मारतो तेव्हा एका सिलिंडरला ठिणगी एकदाच लागते. पण नुसत्या त्या दातेरी चाकावरून डब्याला कळत नाही, ही फेरी कामाची की धूर बाहेर टाकण्याची. म्हणून तो दोन्ही फेऱ्यांत ठिणगी देतो, एक कामाला येते आणि एक धुरात जाते. हे मी तुला सहज सांगून बसलो आणि तू ते धरून ठेवलंस. एक ठिणगी फुकट काहून जाळायची? मी म्हणालो, त्याने काही बिघडत नाही, जगात लाखो गाड्या अशाच चालतात. तू म्हणालास, हा इसराफ आहे. तुझ्या अब्बांचा शब्द, उधळपट्टीचा. नमाजाआधी हातपाय धुताना, वुजू करतानाही लोट्यातलं पाणी सांडू देत नव्हते ते. तुझं म्हणणं, आधी पॉइंट ज्यात होते त्या जुन्या डिस्ट्रिब्युटरचा दांडा क्रँकच्या निम्म्या गतीने फिरतो, तो रिकामाच बसलाय. त्याच्यात दुसरा सेन्सर बसवला की डब्याला फेरी कळेल. बरोबर होतं तुझं. पण काम वाढणार होतं, आणि गाडी चांगली चालत असताना मला ती उघडायची नव्हती. नांदेडच्या प्रत्येक फेरीत तू मागून तेच काढायचास, "ह्या बी ठोक्याला एक फुकट गेली, दत्त्या." भाभी हसायच्या. त्या हसत होत्या म्हणूनही मी मुद्दाम वाद लांबवला.

एक गोष्ट तुला सांगितली नाही. तू मशीनवर असताना मी एकदा आतल्या डॉक्टरांना विचारून आलो होतो, दोस्ताची किडनी चालते का म्हणून. त्यांनी शांतपणे समजावलं. नात्याबाहेरच्या माणसाला मोठी परवानगी लागते, आधी तपासण्या. मग त्यांनी माझ्याच दंडाला पट्टा बांधला आणि सांगितलं, तुम्हाला स्वतःला ब्लडप्रेशरची गोळी सुरू करावी लागेल, तुमची घेता येणार नाही. मी बाहेर आलो. तू विचारलंस, कुठं होतास? मी म्हणालो, चहाला. तू माझ्या तोंडाकडे बघत राहिलास. तुला कळलं होतं का? ती गोळी मी आता रोज घेतो.

त्या सकाळी गाडी जशी चालली तशी कधीच चालली नव्हती. थंडी होती, इंजिन गार हवेत मजेत होतं. तुला दम लागत होता म्हणून भाभींनी तुला उशीला टेकवून बसवलं होतं. मी आरशातून बघत होतो. तू बोलत नव्हतास, फुकट गेलेल्या ठिणगीबद्दलही नाही. नांदेड जवळ आलं तेव्हा एकदाच म्हणालास, "बराबर चालून राहिली." आपण रोजच्यापेक्षा लवकर पोहोचलो. डॉक्टर समोरच होते. लगेच आत घेतलं, दार लावलं. कुणाचंही काही चुकलं नाही, रशीद. कुणी उशीर केला नाही, काही अपुरं पडलं नाही. भाभी आणि मी बाहेरच्या बाकावर होतो. मग डॉक्टर बाहेर आले, आणि ते मास्क काढत होते त्यावरूनच मला समजलं. तुझं हृदय थांबलं होतं.

तुला अँब्युलन्समधून पुढे घरी नेलं, भाभी तुझ्याबरोबर गेल्या. गाडी आणायला मी एकटा मागे राहिलो. मागच्या सीटवर ती उशी तशीच होती. रस्ताभर मी त्या इंजिनाचा आवाज ऐकत होतो. एकही ठोका चुकत नव्हता. अर्धापूरच्या पुढे मी गाडीला चक्क शिव्या दिल्या. आता बंद पड म्हणालो. आता बंद पडलीस तरी कुणाला काही होणार नाही, रस्त्याकडेला तुला लावतो आणि मी बसतो तुझ्या चाकाशी. तिने ऐकलं नाही. ज्या गोष्टीत हात घातला तेवढी एकच दुरुस्त झाली होती, आणि ती मला काहीही न विचारता घरी घेऊन आली.

तुझ्या जनाज्याला मी खांदा दिला. माती देताना मूठ उघडेना, तुझ्या भाच्याने माझा हात धरून उघडला.

परवा माधव टर्नर दुकानात आला. हातात कागदात गुंडाळलेलं काही होतं. तुझं शटर बंद दिसलं म्हणून माझ्याकडे आला आणि विचारलं, रशीदभाई नांदेडला गेले का? त्याला कुणी कळवलंच नव्हतं. मी सांगितलं. तो पायरीवर बसला आणि कागद उघडून माझ्यापुढे धरला. पत्र्याची छोटी वाटी, एका अंगाला खिडकी कापलेली. तू फोनवर माप देऊन सांगितलेलं काम. डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यावर बसवायची, खिडकी सेन्सरसमोर आली की डब्याला फेरी कळणार. माधवला वाटलं, मला माहीत असेल. मला माहीत नव्हतं. पण राग आला नाही. तू वाद सोडणार नाहीस, हे मला माहीतच होतं.

आज दुपारी मी ती तुझ्या घरी अंगणात गाडीला बसवली. सेन्सर माझ्याकडे पडून होता. वाटी दांड्यावर अचूक बसली. डब्याला लॅपटॉप जोडून सेटिंग बदललं, आता एकही ठिणगी फुकट जात नाही. मी इंजिन चालू करून कान लावून उभा राहिलो. मला आवाजात काही फरक कळला नाही. तुला कळला असता का? की तूही काही वेळ ऐकून, हसून, "न्हाई रे" म्हणाला असतास? हे मला आता कुणी सांगू शकत नाही. वाद तू जिंकलास असं समजायचं, तर जिंकल्यावर तू काय बोलला असतास तेही मला माहीत नाही. मी उगाच रेस वाढवली, कमी केली, आणि बंद केली.

भाभी इद्दतीत आहेत, नवरा गेल्यावर पाळायचे ते चार महिने दहा दिवस. बाहेर येत नाहीत, दाराच्या पडद्यामागून बोलतात. इंजिन बंद झाल्यावर पडद्यामागून त्यांचा आवाज आला. मला वाटलं, गाडीबद्दल विचारतील.

"दत्ताभाऊ, आत त्यांना लई तकलीफ झाली असंल का?"

माझे हात ग्रीसने भरले होते. मी ते पुसत राहिलो. दार बंद होतं, रशीद. आत काय झालं ते मी पाहिलं नाही, डॉक्टरांना विचारायची हिंमत केली नाही, आणि असलं काही कळायला कुठला डबा नाही. शेवटी मी म्हणालो, न्हाई भाभी, न्हाई झाली.

मग त्या म्हणाल्या, "तुमी म्हणता तर नसंलच झाली."

मला खरं माहीत नाही. पण मी तसं सांगून बसलोय, आणि तुझ्या घरात आता तेच खरं धरून चालतील.